मैदानाच्या कडेचा गडी

कबड्डीत चढाई करणारा साऱ्यांना दिसतो. साखळी धरून उभा असलेला गडी मात्र जाणत्यालाच दिसतो. फुटबॉलमधल्या विंगरचेही तसेच आहे. विंगर म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणारा. चेंडू घेऊन पुढे धावायचे, तो गोलासमोर साथीदाराला द्यायचा. आणि चेंडू प्रतिपक्षाकडे गेला, की तितक्याच वेगाने मागे येऊन आपली बाजू राखायची. या परतीच्या धावेची नोंद गुणफलकावर होत नाही. ती जाणता प्रेक्षकच ठेवतो.

गोव्याचा मंदार राव देसाई असाच कष्टाळू गडी. एफसी गोवा संघात तो डाव्या कडेने खेळे. पुढे त्याला बचावात आणले, तेही त्याने निभावले. २०२० मध्ये तो संघ सुटला. खेळ काही सुटला नाही. १३ मार्च २०२१ रोजी मडगावच्याच मैदानावर मुंबई सिटी संघ इंडियन सुपर लीगचा विजेता झाला. मंदार आता त्या संघात होता!

तेव्हा ढाणकीसारख्या गावांतल्या गुरुजींनो, संघ निवडताना नुसते गोल मोजू नका. मागे कोण धावतो तेही पाहा. आणि ज्या पोराला वगळावे लागेल, त्याला एवढे जरूर सांगा : बाळ, तुझी धाव आम्ही पाहिली आहे.