प्रकाशावर जगणारा शिंपला

पाणी आत ओढून घ्यावयाचे आणि त्यातील सूक्ष्म अन्नकण गाळून पोट भरावयाचे, हाच बहुतेक शिंपल्यांचा उदरनिर्वाह होय. हिंदी व पॅसिफिक महासागरांतील प्रवाळभित्तींवर राहणाऱ्या ट्रायडॅक्ना प्रजातीच्या महाशिंपल्यांनी मात्र याच्या जोडीला एक प्रकारची शेती आरंभिली आहे. त्यांच्या शिंपांच्या कडेबाहेर निळा, हिरवा वा सोनेरी असा मांसल पडदा पसरलेला असतो. यास प्रावार म्हणतात. जठरापासून निघालेल्या बारीक नळ्यांच्या जाळ्यातून एकपेशीय शैवाले या प्रावारात येऊन वसती करतात आणि प्रकाशाच्या साहाय्याने शर्करा तयार करतात. तिचा मोठा वाटा यजमानास मिळतो. उलट यजमानाच्या शरीरातील नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्ये शैवालांना खतासारखी उपयोगी पडतात. ट्रायडॅक्ना गिगास ही जाती तर अशा आहारावर एक मीटरहून लांब आणि दोनशे किलोग्रॅमहून जड होते.

अमेरिका, युरोप इत्यादी ठिकाणी घरच्या काचेच्या टाकीत प्रवाळांसह लहान जातींचे महाशिंपले पाळण्याचा छंद आहे. त्यात नवख्यांची फसगत बहुधा एकाच ठिकाणी होते. ते प्राण्याची निगा राखतात, पण त्याच्या अंगातील बागेची राखत नाहीत. उथळ पाण्यात वाढणाऱ्या क्रोसिया व मॅक्सिमा या जातींना अतिशय प्रखर दिवे लागतात. डेरासा व स्क्वामोसा यांचे काहीशा मंद प्रकाशात भागते. मात्र नव्या शिंपल्यास एकदम तीव्र प्रकाशाखाली ठेवणेही घातकच. प्रथम त्यास तळाशी ठेवून काही आठवड्यांत हळूहळू वर आणावे. स्वच्छतेचा अतिरेकही बाधतो. पाण्यातून नायट्रेट पूर्णपणे काढून टाकल्यास शैवालांची उपासमार होते. टाकीतील माशांची विष्ठा थोडीबहुत उपकारकच ठरते.

शिंप वाढते ती पाण्यातील कॅल्शियमवर. त्याचे प्रमाण लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम, क्षारता हजारी ३५ आणि तापमान २५ ते २७ अंश सेल्सियस असावे. वाढता शिंपला लहान टाकीतील कॅल्शियम भराभर शोषून घेतो; म्हणून त्याचे मापन नियमितपणे करावे. शिंपेच्या कडेस नवी पांढरी किनार दिसू लागली की वाढ चालू आहे, असे समजावे.

मांस व शिंपा यांसाठी झालेल्या अमर्याद उपशामुळे अनेक बेटांभोवतालचे महाशिंपले विरळ झाले. १९८५ पासून वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारान्वये त्यांच्या व्यापारावर नियंत्रण आहे. पालाऊ बेटांवर १९७० नंतरच्या दशकात त्यांची अंडी उबवून पैदास करण्याचे काम सुरू झाले. छंदासाठी असे पैदास केलेले शिंपलेच घेणे योग्य होय. लक्षद्वीप व अंदमान-निकोबार येथेही यांतील काही जाती आढळतात. पण त्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असल्याने त्या तेथेच पाहावयाच्या.

महाशिंपला आजाराची वाच्यता फार उशिरा करतो. प्रावाराच्या कडेवर शेकडो चिमुकले डोळे असतात. हाताची सावली पडताच धडधाकट शिंपला तत्काळ मिटतो. ही हालचाल मंदावणे, प्रावार फिका पडणे किंवा पाणी आत घेण्याचे छिद्र वासून राहणे, ही धोक्याची लक्षणे होत. शिंपला खडकास धाग्यांच्या झुपक्याने घट्ट चिकटलेला असतो. तो कधीही ओढून काढू नये. धागे निर्माण करणारी ग्रंथी फाटली तर प्राणी दगावतो. धारदार पात्याने धागे खडकालगत कापावे. याखेरीज तांदळाच्या दाण्याएवढ्या परजीवी गोगलगायी दिवसा शिंपेच्या बुडाशी दडून बसतात आणि रात्री कडेवर चढून प्रावारातील रस शोषतात. म्हणून नवा शिंपला टाकीत आल्यावर काही दिवस, दिवे मालविल्यानंतर, विजेरीच्या उजेडात त्याची कड व बूड तपासावी आणि आढळलेल्या गोगलगायी व त्यांची बुळबुळीत अंडी मऊ कुंचल्याने झाडून टाकीबाहेर काढावी.