वेलांटीची जागा

खिळ्यांच्या जुळणीकडून ऑफसेटकडे झालेला मराठी मुद्रणाचा प्रवास मुद्रणाच्या अभ्यासकांना परिचित असला, तरी त्यानंतर प्रकाशक, मुद्रक आणि जाहिरात संस्था यांच्याकडे संगणक बसवून देणाऱ्या, ऑपरेटरांना शिकवणाऱ्या आणि अंक छापायला जाण्याच्या आदल्या रात्री बिघाड दुरुस्त करणाऱ्या छोट्या सल्लागार पेढ्यांचे काम त्या इतिहासात क्वचितच नोंदले जाते. अमेरिकेत १९८५ मध्ये निघालेला पेजमेकर हा पानमांडणीचा प्रोग्राम भारतात रुळला आणि डेस्कटॉप पब्लिशिंग, म्हणजे डीटीपी, हा व्यवसाय उभा राहिला. परंतु त्या प्रोग्रामला देवनागरी येत नव्हती, आणि या पेढ्यांना मिळालेले बरेचसे काम त्या एका उणिवेतून निर्माण झाले.

उणीव भरून काढण्यासाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारखी उत्पादने बाजारात आली. फाँट, म्हणजे अक्षराकृतींचा संगणकीय संच, त्या काळी २५६ घरांच्या मर्यादेत बसवावा लागे. त्यामुळे काना, वेलांटी, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांसाठी ठरलेल्या घरांत ठेवले जात आणि कोणता तुकडा कोणत्या घरात जाईल हे प्रत्येक उत्पादक आपापले ठरवी. एका फाँटमधील मजकूर दुसऱ्यात उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसे. अनेक प्रणाली डोंगलवर, म्हणजे संगणकाला जोडायच्या परवाना-कुलपावर, चालत असल्याने लेखक, मुद्रक आणि चित्रकार यांनी कोणता फाँट घ्यावा, हा सल्लासुद्धा पैसे मोजून विकत घ्यावा लागे.

या गोंधळावरचा उपाय मात्र आधीच कागदावर उतरलेला होता. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३१९४ : १९९१ या दस्तऐवजातील इस्की संकेतावलीने अक्षराची आकृती आणि अक्षराची ओळख यांची फारकत केली. आकृतीनुसार साठवताना ‘किती’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी येते, तर इस्कीत उच्चारानुसार ‘क’नंतर; ‘धर्म’ मधील रफार आकृतीनुसार ‘म’नंतर येतो, तर इस्कीत ‘र’ आणि हलन्त ‘म’च्या आधी. इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीची मांडणी युनिकोड या जागतिक संकेतावलीने १९९१ मध्ये देवनागरीसाठी स्वीकारली. मराठी ‘ॲ’ला तिच्यात स्वतंत्र स्थान मिळण्यास मात्र २००८ उजाडले.

जाहिरात व्यवसायातून अक्षररचनेच्या संशोधनाकडे वळलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखलेला मंगल हा फाँट विंडोज २००० मध्ये आला आणि पडद्यावरची देवनागरी सुलभ झाली. छपाईच्या टेबलावर स्थिती वेगळी होती, कारण पेजमेकरला युनिकोड कधीच आले नाही आणि इनडिझाइन या त्याच्या वारसदाराने भारतीय लिप्यांना अधिकृत आधार दिला तो २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीत. मधली वर्षे मजकूर युनिकोडमध्ये टंकायचा आणि पानासाठी जुन्या फाँटमध्ये उलटवायचा, अशा दुहेरी व्यवहारात गेली.

याच दुहेरी व्यवहाराने सल्लागाराच्या कामाचे स्वरूप पालटले. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या परिवर्तकाला, म्हणजे रूपांतराच्या प्रोग्रामला, नुसते घर बदलून भागत नाही. वेलांटी जोडाक्षर ओलांडून त्याच्यानंतर न्यावी लागते, रफार अक्षराच्या आधी आणावा लागतो आणि प्रत्येक फाँटचा तक्ता हाताशी असावा लागतो. विसंगतीवर पोट भरणाऱ्यांनीच पुढे तिच्या निवारणाचेही पैसे घेतले, हा आक्षेप खरा आहे. तथापि मानक हाती असूनही बाजाराने ते दोन दशके दूर ठेवले, याचा दोष गिऱ्हाइकाला सोसवेल तेवढेच बदलणाऱ्या छोट्या पेढीवर टाकणे अन्यायाचे ठरेल. त्या काळातील पुस्तकांच्या आणि अंकांच्या अनेक मूळ फाइली आजही शोधता येणार नाहीत अशा रूपात पडून आहेत, आणि त्यांची किल्ली असलेले तक्ते बंद पडलेल्या पेढ्यांच्या जुन्या डिस्कांवर असतील, तर ग्रंथसंग्रहालयांनी पुस्तकांच्या प्रतींइतक्याच निकडीने ते मागून घ्यायला हवेत.