फ्रेंच साहित्य ते विद्यापीठाचं अध्यक्षपद : रूथ सिमन्स

परवा क्लासमध्ये एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, फ्रेंच साहित्यात एमए करून पुढे काय?" मी तिला रूथ सिमन्स यांच्याबद्दल सांगितलं. इथेही सांगते.

जन्म १९४५, टेक्सासमधलं ग्रेपलँड. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करायचे. बारा भावंडांत या शेंडेफळ. कॉलेजला निघाल्या तेव्हा शिक्षिकांनी आपल्या कपाटातले कपडे त्यांना दिले!

१९७३ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट. अभ्यास मार्तिनिकचे कवी एमे सेझेर यांच्या काव्यभाषेचा. वसाहतवादाविरुद्ध फ्रेंचमधूनच लिहिणारा हा कवी मी शिकवते, म्हणून मला या निवडीचं विशेष वाटतं.

१९९५ मध्ये त्या स्मिथ या महिला कॉलेजच्या अध्यक्ष झाल्या आणि तिथे इंजिनिअरिंग सुरू केलं. २००१ मध्ये ब्राउन विद्यापीठ. आयव्ही लीगमधल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्ष.

माझ्या मते त्यांचं सगळ्यात धाडसी काम २००३ मधलं. ब्राउनचा गुलामांच्या व्यापाराशी काय संबंध होता, हे तपासायला त्यांनी समिती नेमली. २००६ च्या अहवालात 'सॅली' जहाजाची हकीकत आहे. ब्राउन कुटुंबाने १७६४ मध्ये ते आफ्रिकेला पाठवलं होतं. त्या सफरीत किमान १०९ आफ्रिकी माणसं दगावली. स्वतःच्या संस्थेबद्दल हे छापायला हिंमत लागते.

पुढे २०१७ ते २०२३ त्या टेक्सासच्या प्रेअरी व्ह्यू विद्यापीठात होत्या. 'अप होम' हे त्यांचं आत्मकथन जरूर वाचा.

सेझेर वाचायला कुठून सुरुवात करावी, फ्रेंचमध्ये पुढे काय करता येतं, काहीही विचारा. कमेंटमध्ये उत्तर देते.