आधी भिंत, मग बॉयलर

दक्षिण जर्मनीत, ब्लॅक फॉरेस्टच्या कुशीत फ्रायबुर्ग आहे. तिथल्या वोबां या वसाहतीचं नाव शहरी ऊर्जेच्या चर्चेत हमखास निघतं, पण बहुधा छपरांवरच्या सौर पॅनेलच्या फोटोपुरतंच. माझ्या मते तिथलं मोलाचं काम छपराखाली, भिंतींत झालं आहे.

त्याची मुळं १९७५ सालात आहेत. शहराजवळच्या व्हील गावी अणुवीज केंद्र होऊ घातलं होतं. द्राक्षबागायतदार, शेतकरी आणि विद्यार्थ्यांनी त्या जागेवर ठाण मांडलं आणि पुढे तो प्रकल्प बारगळला. मग वीज आणि ऊब आणायची कुठून, हा प्रश्न शहराने टाळला नाही. १९८१ मध्ये तिथे फ्राउनहोफर या जर्मन संशोधन संघटनेची सौरऊर्जा संस्था सुरू झाली. १९८६ मध्ये, चेर्नोबिलच्या दुर्घटनेनंतर, नगरपालिकेने ऊर्जेचं नवं धोरण आखलं: वापर कमी करायचा, वीज आणि उष्णता एकाच केंद्रात तयार करायची आणि सौरऊर्जेसारखे स्रोत वाढवायचे.

हे सगळं एका जागी करून बघण्याची संधी १९९२ मध्ये आली. आज वोबां आहे तिथली छावणी सोडून फ्रेंच सैन्य गेलं आणि सुमारे ३८ हेक्टर जमीन मोकळी झाली. नगरपालिकेने ती एखाद्या बड्या बिल्डरच्या हवाली केली नाही. लहान लहान भूखंड पाडले आणि अनेक ठिकाणी काही कुटुंबांनी एकत्र येऊन, स्वतःचा वास्तुविशारद नेमून इमारती बांधल्या. ‘फोरम वोबां’ ही नागरिकांची संघटना नियोजनात सहभागी होती. जमीन विकतानाच अट घातलेली होती: घर उबदार ठेवायला दर चौरस मीटरमागे वर्षाला ६५ किलोवॅट-तासांहून जास्त उष्णता लागता कामा नये. त्या काळच्या जुन्या जर्मन घरांना याच्या कितीतरी पट लागत असे.

काही गटांनी तर याहून कडक मर्यादा घालून घेतली. १९९९ मध्ये तयार झालेली ‘वोनेन उंड आरबाइटेन’ ही चार मजली इमारत पॅसिव्ह हाउसच्या मापाने, म्हणजे दर चौरस मीटरमागे वर्षाला १५ किलोवॅट-तासांच्या हिशेबाने, बांधली गेली. अशा इमारतींची बाल्कनी नीट पाहण्यासारखी असते. स्लॅब आतून बाहेर काढला, तर त्याच वाटेने घरातली ऊब बाहेर जाते. म्हणून बाल्कन्या स्वतंत्र सांगाड्यावर, भिंतीला जेमतेम टेकवून उभ्या करतात. खिडक्यांना तिहेरी काच असते, मोठ्या खिडक्या दक्षिणेला असतात. हिवाळ्यातलं कललेलं ऊन खोलीत शिरतं आणि उन्हाळ्यातलं डोक्यावरचं ऊन वरची बाल्कनी अडवते. बाहेर जाणारी शिळी हवा आपली ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देऊन जाते.

वसाहतीला उष्णता पुरवणारं केंद्र मुख्यतः लाकडाच्या चिपांवर आणि थोड्या नैसर्गिक वायूवर चालतं. गरम पाणी नळांतून घरोघर जातं. इथे एक पेच आहे. घराची गरज जितकी कमी, तितका नळांतच वाया जाणाऱ्या उष्णतेचा वाटा मोठा. त्यामुळे घरं विखुरलेली असतील तर सगळा हिशेबच कोलमडतो. वोबांत सुटे बंगले बांधायला बंदी होती, चार मजल्यांहून उंच इमारतींनाही. एकमेकींना चिकटलेल्या रांगा, मधून हिरवे पट्टे. नळ आखूड आणि उघड्या भिंती कमी. ऊर्जेचा अभियंता आणि नगररचनाकार सुरुवातीपासून एका टेबलाशी बसले, तरच असा आराखडा तयार होतो. आपल्याकडे इमारत पुरी होते आणि मग प्रत्येक खिडकीखाली एसीची पेटी लटकते. आपला प्रश्न थंडाव्याचा आहे, पण क्रम असा उलटा ठेवून तोही सुटणार नाही. २०१८ च्या ‘इको निवास संहिते’ने, म्हणजे भारतातल्या निवासी इमारतींच्या ऊर्जा-नियमावलीने, बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याला मर्यादा घातली, ती म्हणूनच मला महत्त्वाची वाटते.

वोबांची एक बाजू मात्र लंगडी राहिली. सरकारी अनुदान आटलं आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठरवली होती तेवढी घरं झाली नाहीत. सुशिक्षित मध्यमवर्गाची वसाहत हा शिक्का तिला बसला, आणि तो खोटा नाही.

२०१९ मध्ये फ्रायबुर्गच्या नागरिकांनी डीटेनबाख या नव्या वसाहतीच्या बाजूने कौल दिला. तिथे सुमारे ६,९०० घरं व्हायची आहेत. त्यांतली निम्मी अनुदानित भाड्याची असावीत, असं उद्दिष्ट ठेवलं आहे. सांडपाण्यातली उष्णता हीट पंपाने खेचून ती घरं उबदार ठेवण्याची योजनाही आराखड्यात आहे.