बॅटरी उतरते ती उभ्या गाडीत

डिचोली तालुक्यात खनिज वाहून नेणाऱ्या ट्रकांची वर्दळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी तेच ट्रक रांगेने निश्चल उभे असलेलेही पाहिले आहेत. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिजाचे उत्खनन थांबले. मध्यंतरी ते सुरू झाले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे १६ मार्च २०१८ पासून पुन्हा बंद पडले. मालकापुढे कर्जाची विवंचना असतेच. त्यात दीर्घकाळ उभा राहिलेला ट्रक सुरू करावयास जावे, तर पहिले विघ्न बॅटरीचे. किल्ली फिरवताच ‘टक्’ असा आवाज होतो आणि पुढे सारे शांत! पेडण्याच्या किनाऱ्यावर, मोरजी-मांद्रे-हरमल भागात, पर्यटनाचा हंगाम सरल्यावर उभ्या राहणाऱ्या टॅक्सींचीही हीच कथा. मग बॅटरीला नावे ठेवून नवी आणली जाते आणि काही महिन्यांत तीही उतरते. अशा वेळी दोष बहुधा बॅटरीचा नसतो.

गॅस्टन प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाच्या पत्र्यांची आणि गंधकाम्लाची पहिली बॅटरी सिद्ध केली. गाडीतील बॅटरीचे तत्त्व आजही तेच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. वीज खर्च होते तेव्हा पत्र्यांवर शिशाचे सल्फेट जमते. चार्ज करताना ते पुन्हा विरघळते. मात्र बॅटरी उतरलेल्या स्थितीत बरेच दिवस पडून राहिली, तर सल्फेटचे स्फटिक मोठे व कठीण होतात. मग ते सहजासहजी विरघळत नाहीत. बॅटरी कायमची दुबळी होते ती येथे.

पण उभ्या गाडीत वीज खाते कोण? घड्याळ, धोक्याची घंटा, रेडिओची स्मृती अशी बारीकसारीक उपकरणे. त्यांचा प्रवाह पन्नास मिलिअँपिअर धरला, तरी दिवसाला सव्वा अँपिअर-तासाच्या आसपास वीज जाते. म्हणजे चाळीस अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी महिनाभरात रिकामी! डिकीतील दिवा जळत राहिला, तर दोनचार दिवसही पुरतात. उष्ण हवेत बॅटरी आपोआपही लवकर उतरते.

यावर रोज सकाळी पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्याचा उपाय आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. तो मला पटत नाही. स्टार्टर मोठा प्रवाह ओढतो आणि इंजिन मंद फिरत असताना भरपाई थोडीच होते. डिचोलीच्या बाजारातून मुळगावला पावसात, दिवे व वायपर लावून, जाण्यायेण्यानेही फारसे साधत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी रस्त्यावर न्यावी. ते शक्य नसल्यास बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्जरवर भरून घ्यावी.

नवी बॅटरी घेण्यापूर्वी मेकॅनिककडून व्होल्टमीटर लावून घ्यावा. भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असता बहुतेक गाड्यांत साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले पाहिजेत. न दिसल्यास अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासावा. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी लवकर साचते. गाडी धुण्यात आपण जो वेळ घालवतो, त्याचा दशांश तिच्यासाठी द्यावा. झाकणे असलेल्या बॅटरीत पातळी उतरल्यास शुद्ध डिस्टिल्ड पाणीच घालावे, आम्ल नव्हे. हे करताना विडी-काडी दूर ठेवावी. चार्ज होताना निघणारा हायड्रोजन वायू ठिणगीनेही पेट घेतो. तार सोडताना निगेटिव्ह आधी सोडावी, जोडताना ती शेवटी जोडावी.