सॅन स्विच आणि बफर क्रेडिटचे गणित
सर्व्हर आणि डिस्कसाठा यांना जोडणाऱ्या स्टोरेज एरिया नेटवर्कमधील, म्हणजेच सॅनमधील, फायबर चॅनेल स्विचचे पोर्ट समोर काय जोडले आहे हे ओळखून आपली भूमिका ठरवते. सर्व्हर किंवा स्टोरेज असल्यास ते एफ-पोर्ट होते, तर दुसरा स्विच असल्यास ई-पोर्ट. खरे कौतुक मात्र बफर क्रेडिटचे आहे. समोरच्या पोर्टकडे फ्रेम, म्हणजे सुमारे 2 किलोबाइटपर्यंतचा माहितीचा तुकडा, ठेवून घेण्याइतकी जागा असल्याची हमी मिळाल्याशिवाय हे पोर्ट ती पाठवतच नाही. प्रत्येक फ्रेममागे एक क्रेडिट खर्च होते आणि समोरून ‘आर-रेडी’ हा संकेत आला की ते परत मिळते, त्यामुळे गर्दीपायी फ्रेम टाकून देण्याची वेळ सहसा येत नाही. प्रकाशाला काचतंतूतून 1 किलोमीटर जायला सुमारे 5 मायक्रोसेकंद लागत असल्याने अंतराबरोबर क्रेडिट परतण्याचा काळही वाढतो, म्हणून 16 जीबीपीएस वेगाच्या 50 किलोमीटर दुव्याला पूर्ण आकाराच्या फ्रेम धरल्या तरी सुमारे 400 क्रेडिट लागतात, आणि फ्रेम लहान असतील तर त्याहून अधिक. ती अपुरी पडली तर दुवा तुटत नाही, पण बराच वेळ रिकामा राहतो. अशा मंदपणाचा संशय डिस्कवर घेण्याआधी पोर्टवरील क्रेडिट शून्यावर आल्याची नोंद ठेवणारा काउंटर तपासणे केव्हाही श्रेयस्कर.