एकट्याने अभ्यास करणारी हुशार मुलं

पत्रिकेवर आजचा विषय ‘सार्वजनिक विद्यापीठातलं अभियांत्रिकी शिक्षण आणि विद्यार्थ्यांना मिळणारा आधार’ असा छापलाय. नाव भारदस्त आहे, प्रश्न मात्र साधा आहे. बारावीला आणि सीईटीला चांगले गुण मिळवून सरकारी महाविद्यालयात आलेला मुलगा किंवा मुलगी पहिल्याच सेमिस्टरला गणितात का अडकते? आणि अडकल्यावर विद्यापीठाने करायचं काय?

आपल्याकडे ‘आधार’ म्हटलं की डोळ्यांसमोर पैसे येतात. ते साहजिक आहे. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, महाडीबीटीवर भरायचे अर्ज हे सगळं तुम्हाला माहीत आहे. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, हेही मोठं पाऊल आहे. फी भरता येत नाही म्हणून कुणी दारातून परत गेलं तर पुढच्या गप्पांना अर्थच नाही. पण फी माफ झाली म्हणून एम-वन सुटत नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते दारातून आत आल्यानंतरच्या आधाराबद्दल. त्यासाठी आधी अमेरिकेतल्या तीन सार्वजनिक विद्यापीठांत जाऊन येऊ, मग घरी परतू.

पहिलं विद्यापीठ कॅलिफोर्नियातलं बर्कली. नाव मोठं असलं तरी आहे राज्याचं, सार्वजनिक. १९७० च्या दशकात तिथे युरी ट्राइझमन नावाचा एक तरुण गणित विभागात काम करत होता. त्याला एक गोष्ट खटकली. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत होते किंवा काठावर पास होत होते. आता कॅल्क्युलस म्हणजे काय, तर अभियांत्रिकीचा उंबरठा. तो ओलांडला नाही तर पुढे मेकॅनिक्स नाही, सर्किट्स नाहीत, काहीच नाही. त्यामुळे डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेली मुलं पहिल्या वर्षीच वाट बदलत होती.

त्याने प्राध्यापकांना विचारलं, असं का होतं? उत्तरं काय आली असतील, हे तुम्ही इथे बसून सांगू शकाल. मुलांना जिद्द नाही. पाया कच्चा आहे. घरचा पाठिंबा नाही. गरिबी आहे. चारही उत्तरं आपल्या स्टाफरूममध्ये आजही ऐकू येतात, फक्त जातींची आणि जिल्ह्यांची नावं बदलून. ट्राइझमनने ही उत्तरं तपासून बघितली आणि ती टिकेनात. ही मुलं आपापल्या शाळेतली अव्वल होती. कित्येकांचे आईवडील पोरगं शिकावं म्हणून वर्षानुवर्षं झटलेले होते. जिद्द नसती तर ती बर्कलीपर्यंत पोचलीच नसती.

मग त्याने एक साधी गोष्ट केली, जी शिक्षणतज्ज्ञ फारशी करत नाहीत. मुलं अभ्यास कशी करतात हे जाऊन बघितलं. वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी घेतले, कारण चिनी मुलं याच विषयात उत्तम करत होती. वर्गात नाही, तर ग्रंथालयात, खोल्यांवर, जिथे अभ्यास होतो तिथे जाऊन त्याने दीडेक वर्ष निरीक्षण केलं.

काय दिसलं? कृष्णवर्णीय मुलं प्रामाणिक होती. वर्गातल्या एका तासामागे घरी दोन तास, म्हणजे आठवड्याला आठ तास, असं शिक्षकांनी सांगितलेलं. तेवढा अभ्यास ती चोख करत होती, पण एकटी. मित्र होते, त्यांच्याशी गप्पाटप्पा होत्या, पण अभ्यास आणि मैत्री हे दोन वेगळे कप्पे होते. चिनी वंशाची मुलं आठवड्याला चौदाएक तास बसत होती. त्यातले आठ-दहा तास एकट्याने, उरलेले एकत्र. जेवताना, जेवल्यावर, एकमेकांच्या वह्या तपासत. एकाचं चुकलं तर दुसरा दाखवी. तिघांची तीन उत्तरं आली तर वाद होई. आणि कुणालाच जमलं नाही तर काय निष्कर्ष निघे? गणित अवघड आहे. चला, सरांना विचारू.

इथे जरा थांबू, कारण सगळी मेख इथेच आहे. एकटा बसलेला मुलगा अडकतो तेव्हा त्याला हे कळायला मार्गच नसतो की आपली बेरीज-वजाबाकीची चूक आहे, की पुस्तकात छपाईची चूक आहे, की हे सगळ्यांनाच अवघड जातंय. तो एकच निष्कर्ष काढतो की मलाच येत नाही. शाळेत कायम पहिल्या आलेल्या मुलाला हे कुणाला सांगायचीही लाज वाटते. मग तो वर्गात मागे बसायला लागतो, तास बुडवायला लागतो, आणि आपण म्हणतो, बघा, जिद्द नाही.

एक उदाहरण घेऊ, फळा आहेच. एक्स-वर्गाचं वर्गमूळ, याचं डेरिव्हेटिव्ह किती? एकटा बसलेला मुलगा म्हणेल, वर्गमूळ आणि वर्ग एकमेकांना खातात, राहिला एक्स, उत्तर एक. पुढचं गणित. आता चौघांना एकत्र बसवा. एक म्हणेल, एक्स उणे तीन घेऊन बघ ना. वर्ग नऊ, वर्गमूळ अधिक तीन. म्हणजे हे एक्स नव्हतंच, हे एक्सचं केवल मूल्य होतं. मग शून्याच्या उजवीकडे उत्तर एक, डावीकडे उणे एक. आणि शून्यावर? तिथे आलेख टोकदार आहे, डेरिव्हेटिव्हच नाही. या वादाला दहा मिनिटं लागतील, पण त्या दहा मिनिटांत जे शिकलं जातं ते पंचवीस सोडवलेली उदाहरणं उतरवून शिकलं जात नाही.

ट्राइझमनने पुढे याच धर्तीवर कार्यशाळा सुरू केल्या, आणि त्यांची मांडणी मला वाटतं त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती. माफ करा, ‘आम्हाला’ म्हणायला हवं. हे व्याख्यान आम्ही दोघांनी मिळून बांधलंय आणि सहकारी समोरच बसलेत. तर, विद्यापीठात कच्च्या विद्यार्थ्यांसाठी वर्ग आधीच होते. पण ज्यांना गरज होती तेच तिथे फिरकत नसत. स्वतःला कच्चं म्हणवून घ्यायला कोण जाईल? ट्राइझमनने उलट केलं. तुम्ही हुशार आहात, तुमच्यासाठी जास्त अवघड गणितांचा वर्ग आहे, असं निमंत्रण दिलं. आणि गणितं खरोखरच अवघड ठेवली. त्या कार्यशाळेतले विद्यार्थी पुढे आपल्या समाजातल्या इतरांपेक्षाच नव्हे, तर वर्गातल्या गोऱ्या आणि आशियाई मुलांपेक्षाही चांगले गुण मिळवू लागले. हे सगळं त्याने १९९२ मध्ये सविस्तर लिहिलं. गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो लेख वाचावा.

दुसरं ठिकाण लॉस एंजेलिसजवळचं नॉर्थरिज, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाचं केंद्र. हे बर्कलीसारखं नामांकित नाही. मुलं घरून येऊन-जाऊन शिकतात, बरीच नोकरी करत शिकतात. कल्याण-कर्जतहून लोकलने येणाऱ्या आपल्या मुलांची आठवण यावी असं. १९७३ मध्ये तिथे रेमंड लँडिस या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. त्यातली युक्ती वेळापत्रकातली होती. ही मुलं वेगवेगळ्या तुकड्यांत विखुरली जात, त्यांना गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्राच्या एकाच तुकडीत आणलं. म्हणजे रोज तेच चेहरे. जोडीला अभ्यासासाठी एक हक्काची खोली, आणि अभियांत्रिकी शिकायचं कसं हे सांगणारा पहिल्या वर्षाचा विषय. खर्च बघा किती! कार्यालयातल्या बाईंनी यादी वेगळ्या तऱ्हेने लावायची, एवढाच.

तिसरं बाल्टिमोर, मेरीलँड राज्याचं विद्यापीठ. इथे १९८८ मध्ये मेयरहॉफ शिष्यवृत्ती सुरू झाली. देणगी रॉबर्ट मेयरहॉफ यांची आणि आखणी फ्रीमन ऱ्हबॉवस्की यांची. ऱ्हबॉवस्की गणितज्ञ. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या नागरी हक्क मोर्चात बारा वर्षांचे असताना तुरुंगात गेलेले, पुढे १९९२ पासून तीस वर्षं त्या विद्यापीठाचे अध्यक्ष. १९८९ ला पहिली तुकडी आली ती १९ जणांची. पैसे मिळत, पण पैशाबरोबर अटीही होत्या. प्रवेशाआधी उन्हाळ्यात सहा आठवडे एकत्र राहायचं, शिकायचं. अभ्यास गटातच करायचा. प्रयोगशाळेत प्राध्यापकांबरोबर लवकर काम सुरू करायचं. आधी फक्त कृष्णवर्णीयांसाठी असलेला हा कार्यक्रम नंतर सगळ्यांना खुला झाला. मॉडर्नाच्या करोना लशीमागच्या संशोधनात असलेल्या किझ्मिकिया कॉर्बेट इथल्याच. आणखी एक तपासणी मोलाची आहे. ज्यांना ही शिष्यवृत्ती देऊ केली होती पण जे दुसरीकडे शिकायला गेले, अशांशी तुलना केली. म्हणजे हुशारी साधारण तेवढीच. तर मेयरहॉफचे विद्यार्थी विज्ञान-अभियांत्रिकीच्या पीएचडीकडे जाण्याचं प्रमाण सुमारे पाचपट निघालं. हं, हा कार्यक्रम महागडा आहे, निवडक मुलांसाठी आहे. तसाच्या तसा आपल्याकडे आणता येणार नाही, हे कबूल.

आता घरी येऊ. मुलांनी एकत्र राहून शिकावं ही कल्पना आपल्याला परकी नाहीच. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांची परंपरा सुरू केली. साताऱ्यात १९२४ ला भाऊराव पाटलांनी काढलेल्या छत्रपती शाहू बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत, श्रम करून शिकत. तेव्हा वसतिगृह म्हणजे नुसती झोपायची जागा नव्हती, ती शिकायची जागा होती. आज आपण वसतिगृहाचा हिशेब खाटांत करतो.

गटाने अभ्यास आपल्याकडेही होतो, नाही असं नाही. पण होतो कधी? पीएलमध्ये, परीक्षेच्या आदल्या रात्री, होस्टेलच्या एखाद्या खोलीत, जिथे एक हुशार भिडू बाकीच्यांना ‘आयएमपी’ सांगत असतो. मग त्या खोलीत कोण नसतं ते बघा. घरून येणारा नसतो. गेट लवकर बंद होणाऱ्या वसतिगृहातल्या मुली मुलांच्या होस्टेलवर जाऊ शकत नाहीत आणि रात्रीचं ग्रंथालयही त्यांना बंद. मराठी माध्यमातून आलेला, इंग्रजीत शंका विचारायला कचरणारा बहुधा नसतो. घरातला पहिलाच पदवीला आलेला असेल तर आपण तिथे असायला हवं होतं हेच त्याला माहीत नसतं. आणि आपण त्याला देतो काय? सूचनाफलकावर नापासांची यादी आणि खाली ‘रेमेडिअल वर्ग, शनिवारी दुपारी’. त्या यादीतलं आपलं नाव वर्गमित्रांनी वाचलंय हे माहीत असताना कोण त्या वर्गात जाऊन बसेल?

एआयसीटीईने पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम सांगितलाय. कल्पना उत्तम. पण कित्येक ठिकाणी ते तीन आठवडे सत्कार, शाली आणि प्रेरणादायी भाषणांत जातात. (हशा) आम्हीही अशी भाषणं दिलीत, त्यामुळे हसा. त्यातला एकच आठवडा मुलांना चार-चारच्या गटात बसवून बारावीचंच गणित, पण डोकं खाजवायला लावणारं, दिलं असतं तर?

आणि गट चालवायला माणसं कुठून आणायची, हा प्रश्न प्राचार्य हमखास विचारतात. ‘कमवा व शिका’ योजना आहे ना आपल्याकडे. त्यात मुलं बागकाम करतात, ग्रंथालयात पुस्तकं लावतात. तीही कामं चांगली. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला गेलेल्या, पहिल्या वर्षी स्वतः अडखळलेल्या मुलीला तासाचे पैसे देऊन पहिल्या वर्षाचे दोन गट सोपवले तर? तिचंही गणित पक्कं होईल आणि कुठे पाय घसरतो हे तिच्याइतकं आम्हालाही सांगता येणार नाही.

आता प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून : गट केला की एकच सोडवतो आणि बाकीचे उतरवतात. ते कसं टाळायचं?)

खरंय, तसं होतं. म्हणून त्या चिनी मुलांचा हिशेब नीट आठवा. आठ-दहा तास ती आधी एकटीच बसत होती. गटात रिकाम्या हाताने यायचं नाही, अर्धवट का होईना, आपला प्रयत्न वहीत घेऊन यायचं. गट चारचा ठेवा. सहा झाले की दोघं नुसते बघे होतात. दुसरं म्हणजे फळ्यापाशी सोडवणारा जायचा नाही, ज्याला जमलं नाही तो जायचा, आणि बाकीच्यांनी बसल्या जागेवरून सांगायचं. खडू हातात आला की उतरवणं आपोआप बंद होतं. आणि गणितं निवडताना गाइडमध्ये उत्तर असलेलं एकही घेऊ नका.

(श्रोत्यांतून : मराठीत चर्चा केली तर चालेल का? पेपर इंग्रजीत असतो.)

चालेल म्हणजे काय, करायलाच हवी. वाद मराठीत घाला, अहिराणीत घाला, मालवणीत घाला. फक्त शेवटची पाच मिनिटं ठेवा आणि सुटलेलं गणित प्रत्येकाने पेपरात लिहितो तसं इंग्रजीत आपापल्या वहीत लिहून काढा, शेजाऱ्याच्या वहीत न बघता.